कंपनीचा जबाबदारी रिपोर्ट वाचायचा कसा, आणि त्यात ऊसतोड मजूर का सापडत नाही

जून-जुलै आला की लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांचे वार्षिक अहवाल यायला लागतात. डीमॅट खातं असेल तर ईमेलमध्ये तीनशे-चारशे पानांची पीडीएफ येऊन पडते आणि बहुतेक जण ती न उघडताच उडवतात. ज्यांनी उघडली असेल त्यांना त्यात एक भलामोठा विभाग दिसला असेल, पाणी किती वापरलं, कचरा किती निघाला, बायका किती कामाला आहेत, किती कामगार जखमी झाले, असलं सगळं कोष्टकांमध्ये भरलेलं. त्याचं नाव बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, थोडक्यात बीआरएसआर. आपण इथे सरळ जबाबदारी रिपोर्ट म्हणूया.

दुसरीकडे टीव्ही लावला की प्रत्येक कंपनी नेट झिरो होणारे (म्हणजे हवामान तापवणारा जेवढा वायू सोडते तेवढा परत शोषून हिशोब शून्यावर आणणार), प्रत्येक पाकिटावर हिरवं पान आहे, आणि म्युच्युअल फंडवाले ईएसजी फंड विकतायत. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन गोष्टींवर कंपनीला जोखणं. आता यातलं खरं किती हे सामान्य माणसाने ओळखायचं कसं? माझं मत आधीच सांगतो. हा रिपोर्ट लोक समजतात त्यापेक्षा बराच कामाचा आहे, फक्त त्यात काय लिहिलंय हे वाचायच्या आधी त्यात कोण मोजलं गेलंय आणि कोण नाही हे बघावं लागतं.

आधी घोळ मिटवू: सीएसआर वेगळं, हे वेगळं

"कंपनीने आमच्या गावात शाळा बांधली, म्हणजे कंपनी जबाबदार आहे" असं आपण सहज म्हणतो. ती शाळा सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या सक्तीच्या खर्चातून, आलेली असते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. कंपनीची नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी रेघ ओलांडली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करायची. देशभरात हा पैसा आता वर्षाला हजारो कोटींमध्ये जातो आणि त्यातला मोठा वाटा महाराष्ट्रात येतो.

पण नियम नीट वाचले तर एक गंमत दिसते. कंपनीचं नेहमीचं कामकाज सीएसआरमध्ये धरत नाहीत, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च धरत नाहीत, आणि कायद्याने जे करणं भागच आहे तेही धरत नाहीत. म्हणजे कारखान्याने स्वतःचं सांडपाणी नीट शुद्ध करून सोडलं तर ते सीएसआर नाही, आणि सांडपाणी नाल्यात सोडून शेजारच्या गावात वाचनालय बांधलं तर वाचनालय मात्र सीएसआर. यात कायद्याची चूक आहे असं मी म्हणत नाही, कायद्याने तेवढंच काम घेतलंय की नफ्यातला थोडा भाग समाजाकडे यावा. नफा कमावला कसा हा प्रश्न त्याच्या कक्षेतच नाहीये. तो प्रश्न जबाबदारी रिपोर्ट विचारतो, निदान विचारायचा प्रयत्न तरी करतो.

तसं हे आपल्याकडे अगदी नवीन नाही. जमशेदजी टाटांनी नागपूरला १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढे कामगारांसाठी पेन्शन फंड, अपघात झाला तर भरपाई अशा गोष्टी कायदा मागे लागायच्या कितीतरी आधी आणल्या. ती देणगी नव्हती, गिरणी चालवायची पद्धत होती.

हा रिपोर्ट मागतं कोण

सेबी, म्हणजे शेअर बाजाराची नियामक. २०१२ मध्ये पहिल्या १०० लिस्टेड कंपन्यांपासून जुन्या फॉरमॅटमध्ये सुरुवात झाली, मग आकडा वाढत गेला, २०२१ मध्ये आत्ताचा बीआरएसआर आला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना तो सक्तीचा झाला. आत नऊ तत्त्वं आहेत, सचोटीपासून ग्राहकांपर्यंत, आणि प्रत्येक तत्त्वाखाली दोन प्रकारचे प्रश्न. काही सक्तीचे. काही 'लीडरशिप' नावाचे, म्हणजे उत्तर दिलं तर छान, नाही दिलं तरी चालतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आत बघायचं काय

सगळा रिपोर्ट वाचायला बसलात तर झोप येईल. पहिली पंधरा-वीस पानं साधारण फोटोंची आणि चेअरमनसाहेबांच्या संदेशाची असतात, ती सोडून द्या आणि थेट कोष्टकांवर या.

पहिलं कोष्टक कर्मचाऱ्यांचं. त्यात कायम आणि कायम-नसलेले असे दोन रकाने असतात. एखाद्या कंपनीत कायम कामगार ४ हजार आणि कंत्राटी ११ हजार असं चित्र असेल तर पुढे ती कंपनी आरोग्य विमा, प्रशिक्षण, पाळणाघर याबद्दल जे काही सांगते ते नेमकं कुणाबद्दल सांगते हे तपासायचं. ९९ टक्के लोकांना विमा, असं मोठ्या अक्षरात असतं आणि तो आकडा फक्त कायम लोकांचा निघतो. हे लपवलेलं नसतं हो, तिथेच खाली लिहिलेलं असतं, फक्त कुणी खालपर्यंत जात नाही.

मग पगार. इथे मध्यक पगार विचारलेला आहे, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्या माणसाचा पगार, पुरुषांचा वेगळा आणि बायकांचा वेगळा, संचालकांचा वेगळा आणि कामगारांचा वेगळा. सरासरी घेतली की चार बड्या पगारांमुळे ती फुगते, मध्यकाचं तसं होत नाही. महिलादिनाच्या पोस्टपेक्षा हे एक कोष्टक जास्त सांगून जातं.

अपघातांचं कोष्टक बघा, मृत्यू किती, गंभीर जखमी किती, आणि तेही कर्मचारी आणि कामगार असं वेगवेगळं. ऑफिसात बसणारे आणि मशीनवर उभे राहणारे यांच्यातला फरक इथे नागडा दिसतो.

आणि माझं सगळ्यात आवडतं कोष्टक, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं: सप्लायरचे पैसे किती दिवसांनी देता? एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं असतं. एखादी कंपनी झाडं लावते, मॅरेथॉन भरवते, पर्यावरणाचे पुरस्कार घेते आणि बिलं सरासरी १२० दिवस लटकवून ठेवते, तर चाकणच्या किंवा सातपूरच्या ज्या छोट्या वर्कशॉपचं बिल अडकलंय त्याच्या दृष्टीने ती जबाबदार आहे का, हे त्या वर्कशॉपवाल्यालाच विचारा. त्याला बँकेचं व्याज भरावं लागतं, मग तो कामगाराचा पगार उशिरा करतो. या आकड्यात सगळे सप्लायर एकत्र असतात, छोटे-मोठे वेगळे नसतात, तरीपण अंदाज येतो.

स्कोप एक, दोन, तीन: खानावळीचा हिशोब

आता कार्बनचं प्रकरण, इथेच बहुतेक लोक दमतात. हवामान तापवणारे वायू कंपनी किती सोडते हे तीन भागांत मोजतात, त्यांना स्कोप म्हणतात.

समजा सदाशिव पेठेत एक खानावळ आहे. मालकाच्या शेगडीवर जळणारा गॅस आणि डबे पोचवणाऱ्या त्याच्या स्वतःच्या टेम्पोचं डिझेल, हा स्कोप एक. फ्रिज, मिक्सर आणि पंख्याला लागणारी वीज हा स्कोप दोन, म्हणजे धूर खानावळीत दिसत नाही, तो निघतो चंद्रपूर नाहीतर कोराडीच्या वीजकेंद्रातून, पण निघतो यांच्यासाठी. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. आणि स्कोप तीन म्हणजे उरलेलं सगळं: भात पिकवताना खाचरातून निघालेला मिथेन, लासलगावहून कांदा घेऊन आलेला ट्रक, पार्सलचे प्लास्टिकचे डबे, ताटात टाकलेलं अन्न कचराडेपोत कुजतं ते, वाढप्यांचं रोजचं येणंजाणं.

मालक म्हणाला, मी छतावर सोलर बसवलं, इंडक्शन शेगड्या आणल्या, टेम्पो इलेक्ट्रिक घेतला, माझी खानावळ नेट झिरो. तर त्याचं म्हणणं त्याच्या चार भिंतींपुरतं खरं असू शकतं. ताटातल्या अन्नाचा कार्बन मात्र जसाच्या तसा आहे, कारण तो त्या भिंतींच्या बाहेर आहे. मोठ्या कंपन्यांमध्येही हेच होतं. मोटार कंपनीचा बहुतेक कार्बन कारखान्यात निघत नाही, विकलेल्या गाड्या पुढची दहा-पंधरा वर्षं पेट्रोल जाळतात त्यातून निघतो. बँकेचा तर जवळजवळ सगळाच तिने ज्यांना कर्ज दिलं त्यांच्या धुराड्यातून निघतो, शाखेतल्या एसीचा त्यात काय हिशोब. आणि आपल्या रिपोर्टमध्ये स्कोप एक आणि दोन सक्तीचे आहेत, स्कोप तीन लीडरशिपमध्ये, म्हणजे ऐच्छिक. त्यामुळे कुठलीही कंपनी नेट झिरो म्हणाली की पहिला प्रश्न, स्कोप तीन धरून की सोडून?

अजून एक गोष्ट याच खानावळीत समजून घ्या. रिपोर्टमध्ये 'इंटेन्सिटी' नावाचा आकडा असतो, एका रुपयाच्या उलाढालीमागे किंवा एका नगामागे किती कार्बन. खानावळीत थाळीमागे गॅस १० टक्क्यांनी कमी झाला म्हणून मालक पेढे वाटतोय, पण थाळ्या २०० च्या ४०० झाल्या असतील तर एकूण गॅस ८० टक्क्यांनी वाढलेलाच आहे. आणि काहीही न करता थाळी १०० ची १२० रुपये केली तरी रुपयामागचा आकडा आपोआप खाली येतो! म्हणून इंटेन्सिटी बघाच, पण शेजारचा एकूण आकडाही बघा, आणि जमलं तर नगामागचा बघा, रुपयामागचा नको.

हद्दीबाहेरची माणसं

कार्बनच्या स्कोप तीनबद्दल जगभर चर्चा होते. माणसांच्या स्कोप तीनबद्दल फार कमी बोललं जातं, आणि महाराष्ट्रात त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे.

दसरा-दिवाळी झाली की बीड आणि आसपासच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून लाखो माणसं ऊस तोडायला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, मार्च-एप्रिलपर्यंत फडावरच पालं ठोकून राहतात. मजुरी ठरते जोडीची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो, ती फेडायची टनावर तोडून, आणि हंगाम संपेपर्यंत नाही फिटली तर पुढच्या वर्षी परत यायचं. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. बाईच्या नावाने वेगळी मजुरी नाही, पैसा येतो तो कोयत्याचा.

२०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहातल्या एकीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. कारणं एकात एक गुंतलेली आहेत, फडावर संडास नाही, पाणी नाही, लहान वयात लग्न आणि बाळंतपणं, पाळीच्या दिवसातसुद्धा खाडा परवडत नाही, पोटात दुखतं म्हणून खाजगी दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगणारे डॉक्टर, आणि ऑपरेशनच्या पैशासाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल.

आता ही बाई कामाला कुणाकडे आहे हे सांगा बरं. ऊस शेतकऱ्याचा. तोड कधी द्यायची, कुठल्या फडात टोळी पाठवायची हे कारखाना ठरवतो, त्याचा चिटबॉय, म्हणजे फडावर फिरणारा कारखान्याचा माणूस, येऊन सांगतो. टोळी मुकादमाची. उचलीचा पैसा बहुतेक वेळा कारखान्याकडून वाहतूकदार आणि मुकादमामार्फत खाली येतो. आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या उसाच्या पैशातून कापला जातो! प्रत्येकाकडे पुढच्याकडे दाखवायला बोट आहे. कारखाना म्हणतो आमचे कामगार गेटच्या आत, ही माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो मी पण मजूरच आहे, थोडा वरचा.

या उसाची साखर जाते कुठे? निम्म्याहून जास्त साखर देशात मिठाईवाले, बिस्किटवाले, शीतपेयवाले असे मोठे ग्राहक उचलतात. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या पत्रकारिता संस्थेने महाराष्ट्राच्या फडातल्या या बायकांपासून कोकाकोला आणि पेप्सीच्या साखर-खरेदीपर्यंत धागा जोडून दाखवला, तेव्हा जगभर बातमी झाली. आपल्याकडे बीडच्या पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी हे आधीच मांडलं होतं.

एखाद्या लिस्टेड बिस्किट कंपनीच्या जबाबदारी रिपोर्टमध्ये ही बाई कुठे दिसेल? कर्मचाऱ्यांच्या कोष्टकात नाही, ती त्यांची कर्मचारी नाही. कंत्राटी कामगारांत नाही. कच्च्या मालाच्या खरेदीत साखर म्हणून दिसेल, रुपयांत. बरं, साखर कारखान्याच्या रिपोर्टमध्ये बघावं तर राज्यातल्या साधारण दोनशे कारखान्यांपैकी जवळपास निम्मे सहकारी, ते शेअर बाजारात लिस्टेडच नाहीत, त्यांना सेबीचा हा रिपोर्ट लागू नाही. आणि जे लिस्टेड आहेत त्यांच्यातही तोडणी मजूर गेटच्या बाहेरच.

सेबीला हे कळत नाही असं नाही. २०२३ मध्ये त्यांनी ठरवलं की पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीचीही माहिती द्यायची. कंपन्यांनी ओरड केली, मग ते एक वर्ष पुढे गेलं आणि ऐच्छिक झालं. शिवाय नियमही असा की खरेदी-विक्रीच्या २ टक्के किंवा जास्त वाटा ज्या एकेका पुरवठादाराचा आहे तोच धरायचा. दहा-वीस कारखान्यांकडून किंवा व्यापाऱ्यांकडून थोडी थोडी साखर घेणाऱ्या कंपनीला एकही कारखाना धरावा लागणार नाही अशी शक्यता आहे, आणि धरला तरी तो कारखान्याच्या गेटपर्यंतच. गेट ते फड हे अंतर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

राज्यात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे असं ठरलं. ओळखपत्रं, मुलांसाठी वसतिगृहं हे त्यातून व्हायला हवं. हे गरजेचंच आहे. पण बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात आणि आजारी पडलं तर खाडा नाही, हे दोन बदल महामंडळाच्या हातात नाहीत, ते साखर विकत घेणारा आणि बनवणारा यांच्या करारातच यायला हवेत असं मला वाटतं.

"पण कंपनीच स्वतःबद्दल लिहिते ना? खोटं लिहिलं तर?"

रास्त शंका. त्यासाठी सेबीने रिपोर्टमधले काही मुख्य आकडे वेगळे काढले, त्याला बीआरएसआर कोअर म्हणतात, आणि ते त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्यायचे. २०२३-२४ ला पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, मग ५००, आणि २०२६-२७ ला सगळ्या १०००. पुढे त्यातही कडक तपासणीऐवजी थोडी सौम्य पडताळणी चालेल अशी सवलत दिली गेली.

तपासणी झाली म्हणजे निर्धास्त, असंही नाही हं. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये कामगार सुरक्षेसाठी नावाजलेलं एसए ८००० प्रमाणपत्र मिळालं आणि ११ सप्टेंबरला तिथे आग लागून अडीचशेहून जास्त माणसं गेली, बाहेर पडायचे मार्ग बंद होते. फोक्सवॅगनला २०१५ च्या सप्टेंबरात डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकाने वाहन उद्योगात पहिला नंबर दिला, त्याच महिन्यात उघड झालं की धुराची चाचणी चालू असताना गाडीने कमी धूर सोडावा असं सॉफ्टवेअरच त्यांनी बसवलंय. जगभरात अशा जवळपास १ कोटी १० लाख गाड्या होत्या.

मग उपयोग काय? उपयोग हा की आकडा एकदा लेखी दिला की तो मागच्या वर्षीच्या आकड्याशी, शेजारच्या कंपनीच्या आकड्याशी आणि प्रदूषण मंडळाच्या नोटिशीशी ताडून बघता येतो. लिस्टेड कंपनीने बाजाराला चुकीची माहिती देणं हा सेबीच्या नियमांचा भंग आहे, जाहिरातीत फेकण्यापेक्षा ते महागात पडू शकतं. पत्रकार, युनियनवाले, संशोधक यांना एक हत्यार मिळालं, चालवणारं कुणी पाहिजे ही गोष्ट वेगळी.

"धंदा करायचा की फॉर्म भरायचे?"

हे बोलणारा बहुतेक वेळा मोठ्या कंपनीचा सीईओ नसतो, त्याच्याकडे फॉर्म भरायला अख्खा विभाग आहे. हे बोलतो कोल्हापूरचा फाउंड्रीवाला, धातू वितळवून सुटे भाग ओतणारा. त्याला मोठ्या ग्राहकाकडून एक्सेल शीट येते, वीज किती, डिझेल किती, भंगार किती, कामगारांचे कागद, ते पण परवापर्यंत. युरोपला माल जात असेल तर अजून वेगळं, तिकडे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर कार्बनचा सीमा-कर आलाय, ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, जानेवारी २०२६ पासून पैशाचा हिशोब.

त्याची तक्रार खरी आहे. पाच ग्राहकांच्या पाच शीट, प्रत्येकात तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत, आणि ही माहिती गोळा करायचा खर्च कुणी देत नाही, उलट भाव पाडूनच मागतात. मोठी कंपनी स्वतःची जबाबदारी कागदाच्या रूपात खाली ढकलते तेव्हा पैसा पण थोडा खाली यायला पाहिजे. एवढं मात्र आहे की वीजबिल आणि डिझेलचा महिन्याचा तक्ता एकदा लावला की बऱ्याच शीटची उत्तरं त्यातूनच निघतात, आणि भट्टी कुठे वीज खातेय तेही कळतं.

पाकिटावरचं हिरवं पान

ज्यांच्याकडे शेअर नाहीत त्यांनाही हा विषय दुकानात भेटतो. इको-फ्रेंडली, नॅचरल, ग्रीन, प्लॅनेटसाठी चांगलं. असं पोकळ रंगवण्याला ग्रीनवॉशिंग म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली: असला दावा करायचा तर पुरावा हवा, आणि तो पुरावा जाहिरातीत किंवा क्यूआर कोडने ग्राहकाला बघता आला पाहिजे, दावा पूर्ण वस्तूबद्दल आहे की फक्त पाकिटाबद्दल हेही सांगायचं. पुढच्या वेळी पाकीट हिरवं दिसलं तर क्यूआर कोड आहे का बघा, असेल तर स्कॅन करा. नसेल आणि खटकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो.

शेअर किंवा फंड असेल तर

रिपोर्ट कंपनीच्या साइटवर, एनएसई-बीएसईच्या साइटवर फुकट मिळतो. ईएसजी फंडात पैसे असतील तर फंडाच्या फॅक्टशीटमध्ये पहिल्या दहा कंपन्या बघा, बऱ्याचदा त्याच बँका आणि त्याच आयटी कंपन्या दिसतील ज्या साध्या फंडातही असतात, कारण त्यांच्याकडे धुराडंच नाही. मग जास्तीची फी कशासाठी देतोय हे स्वतःला विचारा.

आणि एक शेअर जरी असेल तरी वार्षिक सभेत बोलायचा हक्क आहे. बऱ्याच कंपन्यांची सभा आता ऑनलाइनच होते, मुंबईला जायची गरज नाही, सभेच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत ईमेल करून वक्ता म्हणून नाव नोंदवायचं. भाषण नको, रिपोर्टमधलं कोष्टक आणि पान नंबर सांगून एकच प्रश्न विचारायचा. साखर, कापूस, चहा असं काही विकत घेणारी कंपनी असेल तर: तुमचा माल ज्या शेतातून येतो तिथल्या तोडणी-वेचणीच्या मजुरांची मजुरी कुणाच्या खात्यात जमा होते, हे तुम्ही कधी तपासलंय का? उत्तर बहुतेक गोलगोल येईल. पण ऑनलाइन सभेचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शब्दशः लेखी नोंद, कंपनीला वेबसाइटवर ठेवावा लागतो, त्यामुळे पुढच्या वर्षी तोच प्रश्न विचारताना मागचं उत्तर वाचून दाखवता येतं.